मंदा, गुरुवारी आम्ही दिवे बंद केले

मंदा,

सोमवारी दुपारी मी सुमनबाईंच्या शिरेत हिरवा रंग सोडला आणि मंगळवारी सकाळी तू गेलीस. चालण्याच्या ट्रॅकवर तिसरी फेरी संपवून बाकावर बसलीस, बुटाची नाडी सैल केलीस आणि उठली नाहीस. एवढेच मला सांगण्यात आले. मी तेव्हा एका रुग्णाच्या उशाशी उभी राहून त्याला भूल देत होते. टेबलावर फोन थरथरत राहिला आणि मी तो घेतला नाही, कारण रुग्ण झोपत असताना फोनकडे बघायचेही नाही हा नियम तूच मला घालून दिला होतास. तुझी बातमी मी तुझा नियम पाळून अर्धा तास उशिरा ऐकली.

तुला नेले तेव्हा तुझ्यावर शेवंती होती. तिचा तो कडवट, ओला, औषधी वास माझ्या घशात उतरला आणि मला सुमनबाई आठवल्या. शेवंती पिकवणारी ती बाई आपल्याच रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशेजारच्या खाटेवर, तू गुरुवारी करणार होतीस त्या ऑपरेशनची वाट पाहत होती. त्यांच्या यकृतात रंग होता. निरोगी यकृत हा रंग काही दिवसांत पित्तावाटे बाहेर टाकते. कर्करोगाच्या गाठीला ते जमत नाही, ती तो धरून बसते. साध्या डोळ्यांना यातले काहीच कळत नाही. पण निकट-अवरक्त प्रकाश टाकला, की गाठीतला रंग डोळ्यांच्या पलीकडच्या उजेडात उत्तर देतो, कॅमेरा ते उत्तर ऐकतो आणि पडद्यावर ते हिरवे होऊन उमटते. तू विझलीस, मंदा, आणि तू लावायला सांगितलेला दिवा एका बाईच्या बरगड्यांखाली तेवत होता. त्या दिवशी रडण्याच्या मध्येमध्ये मी बोटांवर दिवस मोजत होते. हा दिवा किती दिवस पुरेल?

आपले शेवटचे बोलणे सोमवारी फोनवर झाले. त्यात निरोपाचे काहीही नव्हते.

“रंग दिलास?”

“दिला.”

“आयोडीनचं विचारलंस?”

“विचारलं. ॲलर्जी नाही.”

“मग गुरुवारी बघू, कुणाचं खरं ते.” आणि फोन ठेवलास.

कुणाचे खरे, हा आपला जुना वाद. त्याचे मूळ माझ्या चुकीत होते. कॅमेरा ऑपरेशन थिएटरात नुकताच आला होता आणि मला त्या प्रकाशाचे वेड लागले होते. हरसूलकडचे एक गृहस्थ ठरल्या दिवशी दाखल व्हायचे सोडून आठवड्याचा बाजार उरकून आले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होते. सुकलेल्या, खडबडीत यकृताला रंग बाहेर टाकायला जास्त दिवस लागतात हे मी वाचले होते, तरी संध्याकाळी रंग दिला. मला उजेड पाहायचा होता. सकाळी पोट उघडले, दिवे मालवले आणि पडद्यावर सगळेच यकृत हिरवे झाले. गाठ कुठे आणि यकृत कुठे, काही कळेना. इगतपुरीच्या भातखाचरांत श्रावणात जसे बांधसुद्धा दिसेनासे होतात, तसे. मग अंधारातून तुझा आवाज आला.

“दिवे लावा. कवयित्रीबाईंनी आज अख्खं रान पेटवलंय.”

मी कविता लिहिते हे ठाऊक असलेले सगळे हसले. मी मास्कच्या आत लाजेने जळत होते. तू डोळे मिटलेस, दोन्ही हात यकृताभोवती घेतलेस आणि थोड्याच वेळात म्हणालीस, “सापडली. लबाड आहे, पाठीमागं लपलीय.” नांदगावच्या बाजारात वडिलांच्या दुकानी पोत्यात हात घालून धान्य ओले की कोरडे हे सांगणारी मुलगी होतीस तू. ती बोटे तू पुढे फक्त धुतलीस आणि हातमोज्यांत घातलीस.

त्या दिवसापासून तू नवा रिवाज पाडलास. आधी बोटे, मग उजेड. हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचे झाकण मी घ्यायचे, त्यावर यकृताची बाह्याकृती काढायची. तू डोळे मिटून चाचपायचीस आणि सांगायचीस, मी तिथे फुली मारायची. थिएटरात ज्यांना पेन धरता येईल असे मोकळे हात माझेच असत. मग दिवे बंद. पडद्यावर जे चमकेल त्याभोवती मी गोल काढायचा. सोनोग्राफीही होत असे, पण झाकणावर जागा मिळायची ती या दोघांनाच. पुढे काढलेल्या गाठींच्या तपासणीचा अहवाल आला, की तू एकटी बसून लाल खूण करायचीस: बरोबर असेल तिथे टिंब, चूक असेल तिथे आडवी रेघ. ते झाकण तुझ्या कपाटात जायचे. मला त्यातले काहीही दाखवत नसायचीस.

“निकाल सांगायचे नाय,” तू म्हणायचीस. “ऐकून बोटं एकतर लाजतात, नाहीतर माजतात.”

मग इगतपुरीचे ते रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आले. त्यांच्या यकृतावर मी दोन फुल्या मारल्या आणि तीन गोल काढले. तिसरा गोल कडेला होता, लहान आणि फिका. तुझ्या बोटांना तिथे काही लागले नाही, सोनोग्राफीतही दिसले नाही. मी रुग्णाच्या उशाकडच्या कापडी पडद्यामागून म्हणाले, “काढ ना.” तू तिथे कापले नाहीस. नंतर चहाच्या टेबलावर आपण जे भांडलो ते आजही माझ्या कानांत आहे.

“अगं, खडबडीत यकृतात साध्या गाठीही चमकतात. तुला उजेड दिसला की कविता दिसते. मला त्याच्याखाली उरलेलं यकृत दिसतं. कापलेलं परत शिवता येत नाय.”

“आणि ती कर्करोगाची असली तर?”

“तर मी दर तीन महिन्यांनी बघतेय ना त्यांना? बोटाला लागेल तेव्हा काढीन.”

“बोटाला, बोटाला! ही घमेंड आहे मंदा. बोटं हरतील याची भीती वाटते तुला.”

तू बशीतला चहा बशीतच ठेवून उठलीस. आठ दिवस माझ्याशी फक्त कामाचे बोललीस: “दाब उतरव”, “पाणी कमी कर”, “उठव”. नवव्या दिवशी डब्यातली मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवलीस आणि आपण पुन्हा बोलू लागलो. त्या शब्दावर मात्र दोघींपैकी कुणीच परत आले नाही. मी माफी मागितली नाही. मला वाटले, मेथीत ती आली.

इगतपुरीचे गृहस्थ ठीक आहेत. त्यांच्या आजवरच्या तपासण्या स्वच्छ आल्या आहेत. पण म्हणून वाद मिटत नाही, हे तूही मान्य केले असतेस.

सुमनबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तू त्यांची फाइल बाजूला ठेवून आधी त्यांचा तळहात हातात घेतला होतास. बोटांची टोके काळी-हिरवी होती.

“कशानं हो?”

“झेंडू खुडून. आन् शेवंती. धुतलं तरी जात नाय.”

“पहाटे अंधारात खुडता ना? मग कुठलं फूल चांगलं, कसं कळतं?”

“डोळ्यानं फसाय होतं, बाई. वरून लय फुललेलं दिसतं आन् आतून किडीनं खाल्लेलं ऱ्हातं. बोटात धरलं की कळतं.”

तू विजयाने माझ्याकडे वळलीस. “ऐक, कवे. तुझ्या कॅमेऱ्याला सांग हे.”

त्या हसल्या, तूही हसलीस. मग तू त्यांना गाठीबद्दल सांगितलेस, जुन्या काविळीने यकृत कसे खडबडीत झाले आहे ते सांगितलेस. त्या शांतपणे ऐकत होत्या. उठताना म्हणाल्या, “म्हंजे माझ्या आत दिवा लावून बघणार. लावा. फक्त दसऱ्याच्या आत मला मळ्यात सोडा.”

आणि आता दिवा लागलेला होता, आणि बघणारी तू नव्हतीस.

बुधवारी फैयाज माझ्यासमोर बसला. मालेगावहून आलेला हा मुलगा तुझ्या हाताखाली सहा वर्षांत सर्जन झाला, हे मी पाहिले आहे. मुलगा म्हणते आहे, पण कानशिले पिकू लागली आहेत त्याची. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, उताणे, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

“मॅडम, मी नाही करणार. मुंबईला पाठवू त्यांना. खडबडीत यकृत आहे, गाठ मोठ्या शिरेजवळ आहे. मंदा मॅडम समोर असायच्या म्हणून मी करत होतो. हिंमत त्यांची होती, हात फक्त माझे.”

“मुंबईला त्या जातील?”

“त्यांचा मुलगा नेईन म्हणतोय.”

“मुलाचं नाही विचारलं.”

त्याने हात टेबलावरून खाली घेतले. मी काही समजूत घातली नाही. मला स्वतःलाच ती घालता येत नव्हती. मी तुझ्या कपाटाची किल्ली काढली. झाकणे पाहण्याचा अधिकार तू मला दिला नव्हतास, मंदा. मी तो घेतला.

आत पुठ्ठ्याचा कोरडा वास होता, त्यात स्पिरिटची एक पुसट धार. झाकणे दोन गठ्ठ्यांत बांधलेली होती. मोठा गठ्ठा तुझा, काळ्या फुल्यांचा. दुसरा लहान, निळ्या फुल्यांचा. गेली दोन वर्षे तू आधी फैयाजला चाचपायला लावायचीस आणि त्याची फुली मला निळ्या पेनाने मारायला सांगायचीस, तो हा गठ्ठा. वरच्या झाकणावर तुझ्या अक्षरात लिहिले होते, “फैयाजची बोटं”. सुरुवातीच्या झाकणांवर लाल रेघा बऱ्याच होत्या. मग त्या विरळ होत गेल्या. शेवटच्या सात-आठ झाकणांवर एकही नव्हती. एका झाकणावर काळी फुली चुकलेली आणि निळी बरोबर होती. त्याखाली तू लहानशा अक्षरात लिहिले होतेस, “पोरगं पुढं गेलं.”

फैयाजने ते झाकण हातात घेतले. निळ्या फुलीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “कधी सांगितलं नाही मला.”

“तू माजला असतास.”

तो हसला आणि हसता हसता त्याने चेहरा मनगटात लपवला. मीही खिडकीकडे वळले. तुझ्यावर मला त्या क्षणी राग आला, मंदा. एवढे प्रेम तू पुठ्ठ्यावर लिहून कुलुपात ठेवलेस!

गुरुवारचे ऑपरेशन आम्ही आठ दिवसांनी पुढे ढकलले. दोन दिवसांपूर्वी माणूस पोचवून आलेल्या हातांनी कुणाचे पोट उघडू नये, हे तूही म्हटले असतेस. रंग तोवर गाठीत टिकेल हे मी तपासून घेतले. मग आम्ही दोघे सुमनबाईंकडे गेलो. मुलगा संतोष खाटेशी उभा होता. फैयाजने काही लपवले नाही. मंदा मॅडम आता नाहीत, ऑपरेशन मी करेन, तुम्हाला मुंबईला जायचे असेल तर कागद तयार करून देतो, मला त्याचे काही वाईट वाटणार नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले.

“आई, आपण मुंबईलाच जाऊ,” संतोष म्हणाला. “मोठ्या बाई होत्या तोवर गोष्ट वेगळी होती.”

सुमनबाईंनी फैयाजकडे पाहिले. “हात दाखव.”

त्याने हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, अंगठ्याने त्याची बोटे दाबली, कळी पारखावी तशी.

“थंड हायेत. भ्यालाय का?”

“भ्यालोय, मावशी.”

“मग बरं हाय. न भिणारा मानूस कळ्यासुद्दा खुडतो.” त्या मुलाकडे वळल्या. “संतोष, मला मुंबईला न्यायचं नाय. त्या बाईनी माझ्या आत दिवा लावून ठेवलाय. तो हितंच उतरायचा.”

संतोष बाहेर गेला आणि जिन्यात उभा राहून रडला. त्याच्या जागी मी असते तर मीही आईला मुंबईलाच नेले असते. आम्ही त्याला सगळे पुन्हा समजावून सांगितले, धोक्यासकट. त्याने सही केली, पण आमच्याकडे न बघता.

आणि मग तो गुरुवार आला. तुझी जागा टेबलाच्या उजव्या बाजूला होती. फैयाज तिथे येऊन उभा राहिला, आणि सिस्टरांनी तुझे पायाखालचे पाटवजा स्टूल बाजूला सरकवले, कारण त्याला त्याची गरज नव्हती. त्या स्टुलाच्या फरशीवर घासण्याच्या आवाजाने मला जे झाले ते स्मशानात झाले नव्हते. पण सुमनबाई झोपत होत्या, आणि तू शिकवले आहेस की रुग्ण झोपत असताना इकडेतिकडे बघायचे नाही. मी मॉनिटरचा स्वर ऐकत राहिले. तू म्हणायचीस ना, हिला वृत्त कळते म्हणून श्वासातली मात्रा चुकली तरी कळते. त्या दिवशी एकही चुकू द्यायची नाही असे मी ठरवले होते.

पोट उघडल्यावर फैयाजने डोळे मिटले.

“उजवीकडं, खालच्या कडेला. एकच.”

मी निळी फुली मारली.

“दिवे.”

सिस्टरांनी दिवे मालवले. तो क्षण तुला आवडायचा, मला ठाऊक आहे. उजेडाशी भांडणारी तू, अंधार झाला की श्वास रोखायचीस. पडद्यावर करड्या धुक्यातून आधी एक हिरवा ठिपका वर आला, घट्ट आणि तेजस्वी, बरोबर निळ्या फुलीच्या जागी. दहा दिवस तो तिथे थांबला होता. आणि मग त्याच्यापासून चार बोटांवर, अगदी फिका, दुसरा.

मी गोल काढले. दुसरा काढताना माझा हात थांबला. इगतपुरीचा तिसरा गोल पुन्हा माझ्यासमोर होता.

“मॅडम,” अंधारात फैयाज म्हणाला, “मंदा मॅडम असत्या तर त्यांनी काय केलं असतं?”

मला उत्तर माहीत होते. तू सोडला असतास. आणि मला हेही माहीत होते की आता मी ‘काढ’ म्हणाले तर तो काढील. वाद जिंकण्याची अशी संधी तू मला आयुष्यात दिली नसतीस.

“त्या नाहीत,” मी म्हणाले. “हात तुझे आहेत. पुन्हा चाचप.”

त्याने बोट त्या फिक्या ठिपक्यावर नेले. पडद्यावर त्याच्या बोटाची काळी सावली हिरव्यावरून सरकली. एकदा, दोनदा. मग तो थांबला.

“आहे. बाजरीच्या दाण्याएवढं. उजेडानं जागा दाखवली नसती तर कळलं नसतं.” कडेने बोट फिरवत तो म्हणाला, “वरच्यावर आहे, शिरेपासून लांब. थोडंसंच यकृत जाईल. काढतो.”

त्याने दोन्ही काढले. रक्त कमी जावे म्हणून मी शिरांमधला दाब उतरवून धरला. जळक्या मांसाचा तो ओळखीचा वास, शोषनळीची घरघर, आणि त्याचे हात. मोठ्या शिरेजवळ आल्यावर त्याने घाई केली नाही. शेवटी पुन्हा दिवे मालवले. कापल्या कडांवर हिरवे काही उरले नव्हते. संतोषला आम्ही बाहेर जाऊन सांगितले तेव्हा त्याने फैयाजचे हात धरले आणि म्हणाला, “आता गरम हायेत.”

सुमनबाई चौथ्या दिवशी चालल्या. दसऱ्याच्या आत त्यांना मळा दिसेल. फुले तोडायची नाहीत, नुसती पाहायची, या बोलीवर. त्यांनी बोली मान्य केली आहे, आणि ती मोडणार हे त्यांच्या डोळ्यांत आत्ताच दिसते आहे.

आज अहवाल आला. मोठी गाठ कर्करोगाची होती आणि कडांसकट पूर्ण निघाली आहे. बाजरीचा दाणा मात्र कर्करोगाचा नव्हता. खडबडीत यकृतातली एक साधी गाठ. उजेड तिथे चुकला, बोटही चुकले. आणि तू, जी तिथे नव्हतीस, बरोबर होतीस.

मी तुझ्या खुर्चीत बसून लाल पेन उघडले. निळ्या फुलीखाली टिंब दिले, पहिल्या गोलाखाली टिंब दिले. दुसऱ्या गोलाखाली आडवी रेघ ओढली आणि ती ओढताना मला तुझे हसू ऐकू आले, ते दाबलेले, नाकातून येणारे. ते झाकण मी तुझ्या गठ्ठ्यात ठेवले नाही, फैयाजच्याही नाही. तिसरा गठ्ठा सुरू केला आहे. त्यावर नाव लिहिलेले नाही. आणि निकाल मी फैयाजला सांगितला, मंदा. तुझा हा एक रिवाज मी मोडला. लाजू देत त्याची बोटे, माजू देत. ज्याचे त्याला कळले पाहिजे, आणि ते सांगणारे माणूस असेपर्यंत कळले पाहिजे.

तो ऐकून म्हणाला, “म्हणजे मंदा मॅडम जिंकल्या.”

“या वेळी,” मी म्हणाले.

कारण त्या अंधारात, त्या शिरेपासून लांब, वरच्यावर असलेला तो दाणा पुन्हा दिसला तर मी पुन्हा ‘चाचप’च म्हणेन, आणि बोटाला लागला तर काढायलाच सांगेन. कापलेले परत शिवता येत नाही हे तुझे खरे. सोडलेलेही प्रत्येक वेळी परत सापडत नाही, हे माझे. इगतपुरीचे गृहस्थ पुढच्या महिन्यात तपासणीला येणार आहेत. त्यांना दर तीन महिन्यांनी पाहण्याचा तुझा शब्द आता माझ्याकडे आहे.

घमेंड हा शब्द मी मागे घेते, मंदा. तो चहाच्या टेबलावरच घ्यायला हवा होता. मत मागे घेत नाही.

सोमवारी नव्या रुग्णाला रंग द्यायचा आहे. झाकणावर यकृताची आकृती काढून ठेवली आहे.